क्युराडो डीसीलाही अंगठा लागतोच

मासे धरायला बेटकास्टिंग रील, म्हणजे रॉडवर बसणारं, आडव्या फिरत्या चकरीवर (स्पूलवर) दोरी गुंडाळणारं रील, घ्यायचं कुणी मनात आणलं की त्याला हमखास एक सल्ला मिळतो: "डोळे मिटून शिमानोचं क्युराडो डीसी घे. डीसी म्हणजे डिजिटल कंट्रोल. आतला कॉम्प्युटर सगळं सांभाळतो, एकदा आकडा लावला की झालं, दोरी गुंतत नाही, स्पूल आवरायला अंगठा लावायची गरज नाही. त्यातही सगळ्यात मोठ्या गिअरचं घे. साधं क्युराडो आता कालबाह्य झालंय." हे ऐकून नव्या माणसाने पैसे मोजून ते रील मागवावं, पहिल्याच संध्याकाळी दोरीचा गोळा सोडवत बसावं आणि बेटकास्टिंगचा नादच सोडावा, हे मला बघवत नाही.

दोरी गुंततेच का, इथून सुरुवात करू. फेक केल्यावर दोरी ओढून नेतं ते हवेतलं आमिष. हवा त्याला अडवते, त्याचा वेग पडत जातो. स्पूल मात्र जडत्वामुळे आधीच्याच वेगाने फिरत राहतं. जास्तीची दोरी सुटते, तिला पुढे ओढणारं कुणी नसतं, मग ती स्पूलवरच फुगते आणि गुंता होतो. ब्रेकचं काम एवढंच, की स्पूलने आमिषाच्या पुढे धावू नये. साध्या क्युराडोत, म्हणजे 'के' मॉडेलमध्ये, स्पूलबरोबर फिरणारे छोटे ब्रेक शू बाहेर ढकलले जाऊन कडेला घासतात. डीसीमध्ये स्पूलवर चुंबक असतं आणि चौकटीत कॉइल. स्पूल फिरलं की तिथल्या तिथे वीज तयार होते, तिच्यावर चिप चालते आणि सेकंदाला १,००० वेळा वेग तपासून ब्रेक कमीजास्त करते. बॅटरी नाहीच, त्यामुळे ती संपायची भीतीही नाही. भरलेल्या स्पूलचा व्यास साधारण ३४ मिलिमीटर. आमिष सेकंदाला २५ मीटरने सुटलं असं धरा, तर स्पूल सेकंदाला सुमारे २३४ फेरे घेतं. म्हणजे प्रत्येक फेऱ्यात चार वेळा तपासणी!

हे कौतुकाचंच आहे. २००३ साली कॅल्कटा कॉन्क्वेस्ट डीसीसारख्या महागड्या रीलमध्ये आलेलं तंत्र २०१८ मध्ये क्युराडोच्या किमतीत मिळू लागलं, याचा मला मनापासून आनंद आहे. समोरून वारा असेल, अंधारात फेकायचं असेल, तर डीसी हातात असल्याचा फरक लगेच कळतो.

पण चिपला कळतो तो फक्त स्पूलचा वेग. आमिष पाण्यावर टेकलं, खारफुटीच्या फांदीत अडकलं, की वेळेआधीच थांबलं, हे तिला दिसत नाही. आमिष पाण्यावर पडताना दोरी सेकंदाला १० मीटरने जात असेल आणि तुम्ही ते बघून ०.२ सेकंदांनी अंगठा टेकवलात, तर तेवढ्यात जवळजवळ दोन मीटर दोरी फुकट सुटू शकते. ब्रेक त्यातली काही वाचवेल, सगळी नाही. म्हणून आमिष पाण्यावर टेकण्याच्या किंचित आधीच अंगठा हळूच स्पूलवर यायला हवा. शिवाय नेम धरून फेकायचं तर आमिष हवेतच थांबवावं लागतं, आणि ते अंगठ्याशिवाय होत नाही. खाडीत जिताड्यासाठी खारफुटीच्या मुळांशी आमिष टाकणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. हात अजून कच्चा असताना चुका कमी व्हाव्यात म्हणून डीसी घ्या, जरूर घ्या. अंगठा शिकायचा टाळता येईल म्हणून घेऊ नका.

"एकदा आकडा लावला की झालं" हेही अर्धंच खरं. बाहेरच्या चकतीवर चार आकडे आहेत, आणि त्यांतला प्रत्येक वेगळ्या कामासाठी आहे. १ वर ब्रेक सगळ्यात कमी, लांब फेकीसाठी. २ ब्रेडेड (विणलेल्या) आणि साध्या नायलॉनच्या दोरीसाठी, ३ फ्लुरोकार्बनसाठी, ४ जोराच्या वाऱ्यासाठी किंवा आमिष पाण्यावरून टप्पे खात फेकण्यासाठी. पण आमिष बदललं की स्पूलच्या टोकाचा ताणाचा नॉब तुम्हालाच पुन्हा जुळवावा लागतो. तो सैल ठेवून १ वर जोरात फेकलंत तर चिप बिचारी काय करणार?

आता मोठ्या गिअरचं. या रीलमध्ये ६.२, ७.४ आणि ८.५ असे तीन गिअर मिळतात. हँडलच्या एका फेऱ्यात स्पूल किती फेरे घेतं, तो हा आकडा. हँडलच्या एका फेऱ्यात दोरी साधारण ६६, ७९ आणि ९१ सेंटिमीटर येते. आकडे सरळ दिसतात, पण ते भरलेल्या स्पूलचे आहेत. दोरी कमी भरलीत, किंवा लांब फेकीत बरीच बाहेर गेली आणि स्पूलवरचा व्यास २८ मिलिमीटरवर आला, की ८.५ चं रीलही फेऱ्याला ७५ सेंटिमीटरच ओढतं. म्हणजे भरलेल्या ७.४ पेक्षा कमी! आणि खोल जाणाऱ्या, पाण्यात जड ओढ देणाऱ्या क्रँकबेटला ८.५ चं हँडल फिरवत दिवस काढून बघा. संध्याकाळी मनगट सांगेल ते. असं आमिष हळू आणि जोर लावून ओढायचं असतं, त्याला ६.२ च बरं. एकच रील घेणार असाल तर माझं मत ७.४ ला.

बेअरिंग मोजणाऱ्यांसाठी एवढंच: दोन्ही क्युराडोंत ती सारखीच आहेत, सहा बॉल बेअरिंग अधिक एक रोलर. फेकीवर परिणाम होतो तो मुख्यतः स्पूल तोलणाऱ्या बेअरिंगचा. खाऱ्या पाण्यावरून आल्यावर ती गोड्या पाण्याने हलकेच धुऊन, वाळवून, तेलाचा एकेक थेंब दिलात तर आकड्यापेक्षा जास्त फायदा होईल.

राहिलं साधं क्युराडो. डीसीची चिप काम करते ती फक्त आमिष हवेत असताना. मासा लागला की तिचा काही संबंध उरत नाही. तिथे बारीक दात्यांचे गिअर, धातूची चौकट, साधारण पाच किलोचा ड्रॅग (मासा जोरात ओढू लागला की दोरी थोडी थोडी सोडणारा ब्रेक), हे सगळं के आणि डीसीमध्ये जवळपास सारखंच आहे. आणि डीसीच्या स्पूलवर चुंबकाचं वजन असतं. जड आमिषाला ते जाणवत नाही. पाच-सहा ग्रॅमच्या आमिषाला मात्र ते स्पूल फिरवायलाच जोर लागतो, आणि फेक आखूड पडते. तिथे हलक्या स्पूलचं साधं रील सरस ठरतं. शिवाय के चे ब्रेक शू घरी बसून उघडता येतात, स्वच्छ करता येतात. डीसीचा सील केलेला भाग घरी उघडू नये.

तेव्हा घेण्याआधी कुणाचं तरी डीसी अर्धा दिवस मागून घ्या. तुमचाच रॉड, तुमचीच दोरी, आणि तुम्ही खरोखर वापरता ती तीन आमिषं: सगळ्यात हलकं, सगळ्यात जड आणि मधलं. जिथे गळ टाकता त्याच पाण्यावर, दुपारचा वारा सुटल्यावर, तुमच्या जुन्या रीलशेजारी ठेवून प्रत्येक आमिष वीस-वीस वेळा फेका. हलक्या आमिषाने सुरुवात करा.