‘आर’चं ‘इज’ केलंय, सर: एका प्रतिक्रियेला जरा इस्कटून उत्तर

सर, नमस्कार.

मागच्या लेखात मी चिनीतून इंग्रजीत भाषांतर आणि इंग्रजीचं मुद्रितशोधन यांचा सराव कसा करते ते लिहिलं होतं. सोबत लेथच्या, म्हणजे धातू फिरवत कापणाऱ्या यंत्राच्या, मॅन्युअलमधल्या एका पानाचं माझं भाषांतर नमुना म्हणून दिलं होतं. त्यावर तुमची प्रतिक्रिया आली. थोडक्यात तुमचं म्हणणं असं: नमुन्यातच चूक आहे. दोन्ही भाषा आपल्या नसताना त्यांच्यात भाषांतर करणं म्हणजे दोन भाडेकरूंचा वाद तिसऱ्या भाडेकरूनं मिटवणं. हे काम आता मोबाईल फुकटात करतो, तर कोल्हापुरात बसून हा खटाटोप कशाला? आणि ‘डेटा’ अनेकवचनी आहे, त्यापुढं ‘इज’ चालत नाही.

चूक आहे, सर. सपशेल आहे. ‘ईच ऑफ द सिक्स बोल्ट्स आर टाइटन्ड’ असं मी लिहिलं, तिथं ‘इज’ हवं. तुम्ही म्हणता तशी ती सहावीतल्या पोराची चूक आहे, पण ती कशी झाली ते सांगते, कारण तुमच्या मोबाईलच्या प्रश्नाचं उत्तरही तिथंच आहे.

चिनीत नाम एकवचनी की अनेकवचनी हे बहुतेक वेळा शब्दावरून कळतच नाही. मूळ वाक्यात नुसतं ‘ल्वोश्वान’ होतं, म्हणजे बोल्ट. एक की दहा, काही पत्ता नाही. चिनी वाचकाचं त्यावाचून अडत नाही. इंग्रजीत मात्र ‘बोल्ट’ की ‘बोल्ट्स’ हे ठरवल्याशिवाय पुढं जाताच येत नाही. मोबाईलनं एक ठरवला आणि वाक्य झकास बांधून दिलं. मी मॅन्युअलच्या शेवटची आकृती काढून मोजले, तर सहा. त्या सहाच्या आनंदात डोक्यात अनेकवचन इतकं पक्कं बसलं, की क्रियापदही तसंच उतरलं. चिनी पान शेजारी ठेवून अर्थ तपासणं आणि इंग्रजी तपासणं ही दोन्ही कामं मी एकाच वाचनात उरकली. आता मूळ पान मिटवून, नुसतं इंग्रजी मोठ्यानं वाचायची दुसरी फेरी वेगळी करते.

म्हणजे मोबाईलचं इंग्रजी शुद्ध आणि बोल्ट चुकलेला, माझा बोल्ट बरोबर आणि इंग्रजी चुकलेलं. तुमच्या लाल पेनाला यातली एकच चूक दिसली असती.

याच जातीची एक गंमत इथल्या उद्यमनगरातल्या, म्हणजे कारखान्यांच्या वस्तीतल्या, एका शेडमध्ये झाली. चिनी लेथ आला होता, सोबत कारखान्यानंच दिलेलं इंग्रजी मॅन्युअल. त्यात लिहिलेलं, ‘मशीन बेड उचलण्यापूर्वी कॅरेज लॉक करा.’ बेड म्हणजे लेथचा खालचा सांगाडा, त्यावर हेडस्टॉक, कॅरेज हे बाकीचे भाग बसतात. इंग्रजी म्हणून वाक्यात बोट ठेवायला जागा नाही. क्रेनवाला बाहेर उभा, आणि फोरमन मला फोनवर विचारतात, “ताई, बेड सुटा करायचा का काय? मग हेडस्टॉक कुठं ठिऊ, डोस्क्यावर?” मी चिनी पान मागवलं. तिथं शब्द होता ‘जीछ्वांग’. ‘जी’ म्हणजे यंत्र, ‘छ्वांग’ म्हणजे पलंग. पण दोन्ही मिळून अर्थ होतो मशीन टूल, म्हणजे अख्खं मशीन. लेथच्या बेडला चिनीत वेगळा शब्द आहे, ‘छ्वांगशन’. कुणीतरी शब्दाला शब्द जोडला होता. फोरमनना म्हटलं, काही सुटं करू नका, मशीन आहे तसं उचला.

चीनमधल्या त्या प्रसिद्ध पाट्या तुम्हाला माहीत असतीलच. ‘श्याओशिन दी ह्वा’, म्हणजे सांभाळा, फरशी निसरडी आहे. यातलं ‘दी’ म्हणजे जमीन. पण तेच अक्षर ‘द’ असं वाचलं की ते आपल्या ‘-पणे’सारखं काम करतं. मग पाटीवर इंग्रजीत येतं, ‘सावधपणे घसरा’. आपण हसतो. मशीनच्या मॅन्युअलमध्ये तेच झालं की हसू येत नाही.

मोबाईलची बाजूही सांगते, नाहीतर अन्याय होईल. चिनी दरपत्रकात ‘बा झ’ म्हणजे दहातले आठ हिस्से किंमत द्या, सूट 20 टक्के. पहिल्या वर्षी मी ती सूट 80 टक्के लिहिली होती. गिऱ्हाईक म्हणालं, “एवढी सूट? मशीन चोरीचं हाय का?” आजचा मोबाईल इथं चुकत नाही, तेव्हा मी चुकले होते. आकड्यांत मात्र अजून दोनदा बघते. चिनी लोक दर चार शून्यांनी नवं नाव देतात, ‘वान’ म्हणजे 10,000. इंग्रजी तीन-तीननं चालतं, आणि आपलं हजारापुढं दोन-दोन. 30 वान म्हणजे 3 लाख, म्हणजे 300 थाउजंड. एकाच कागदावर तीन हिशेब.

आता भाडेकरूंचा मुद्दा. भाषांतर आपल्या मातृभाषेत करावं, हा या धंद्यातला जुना संकेत आहे आणि कविता-कादंबरीपुरता मला मान्य आहे. यांग श्येनयी यांनी चिनी साहित्य इंग्रजीत आणलं, ते त्यांच्या ब्रिटिश पत्नी ग्लॅडिस यांच्या जोडीनं. इतक्या मोठ्या माणसालाही घरात इंग्रजीचा दुसरा कान होता. हे उदाहरण तुमच्याच बाजूनं जातंय, कळतंय मला. म्हणून मी साहित्याला हात लावत नाही, मॅन्युअल आणि व्यवहाराच्या मेलपुरतीच आहे.

पण मराठी या कामात अगदीच परकी नाही. चिनीत ‘त्सानमन’ असा शब्द आहे. त्यात बोलणारा आणि ऐकणारा दोघंही येतात. म्हणजे आपलं ‘आपण’! ‘वोमन’चा अर्थ ‘आम्ही’ही होतो आणि ‘आपण’ही, संदर्भ बघावा लागतो. इंग्रजीत दोन्हीला ‘वी’. पुरवठादाराच्या मेलमध्ये ‘वी विल बेअर द कॉस्ट’ लिहिताना खर्च त्यांचा की दोघांचा, हा प्रश्न मला आधी पडतो, कारण ‘आपण’ आणि ‘आम्ही’ हा फरक मी चहाच्या गाड्यावरसुद्धा पाळते.

तोटाही आहेच. धाकट्या भावाला मी इंग्रजी पानात दहा चुका पेरायला सांगते आणि शोधत बसते. गेल्या रविवारी सात सापडल्या. हुकलेल्या तिन्ही जागी त्यानं ‘अ’ किंवा ‘द’ उडवला होता. मराठीत आर्टिकल नाही, चिनीतही नाही, त्यामुळं ते गेलेलं जाणवतच नाही. इथं मला तुमच्यासारखा डोळा लागतो.

सरावाला मजकूर कुठून आणता, असंही विचारलंय तुम्ही. संयुक्त राष्ट्रांच्या सहा अधिकृत भाषांत चिनी आणि इंग्रजी दोन्ही आहेत. एकच ठराव दोन्हींत फुकट मिळतो. चिनीवरून मी माझं इंग्रजी करते, मग त्यांचं उघडते. बहुतेक वेळा माझं वाक्य त्यांच्यापेक्षा लांब निघतं.

नमुना दुरुस्त केलाय, ‘आर’च्या जागी ‘इज’ आलंय. पुढच्या पानावर 14 वाक्यं आहेत. वेळ असेल तर फक्त ‘अ’ आणि ‘द’ बघून द्याल का? ‘डेटा इज’ मात्र तसंच ठेवलंय, सर. मॅन्युअलमध्ये ते चालतं.