लिव्हर साफ करून बायपोलार बरा होत नाही, गोळ्या बंद करू नका

सध्या एक फॉरवर्ड फिरतोय. ५००० वर्षं जुनं चिनी वैद्यक म्हणे सांगतं की मानसिक आजार मेंदूचा नसतोच, अवयवांचा असतो. राग लिव्हरमध्ये, भीती किडनीत, दुःख फुफ्फुसात, चिंता प्लीहेत (म्हणजे स्प्लीनमध्ये), अतिआनंद हृदयात. म्हणून मनाच्या गोळ्या बंद करा, त्यांनी लिव्हर खराब होतं, त्याऐवजी एप्सम सॉल्ट, ऑलिव्ह ऑइल आणि लिंबाचा रस पिऊन लिव्हर साफ करा. एरवी मी असलं काही वाचून सोडून देते, पण आमच्या मामीने हे माझ्या मावसबहिणीला "बाळा, करून बघ" म्हणून पाठवलं, आणि ती बायपोलारसाठी (कधी टोकाची उदासी, कधी टोकाचा उत्साह आणणारा मानसिक आजार) लिथियमच्या गोळ्या घेते. आता गप्प बसणं शक्य नाही.

आधी गोळ्यांचं, कारण इथे जिवाशी खेळ आहे. लिथियमचं लिव्हरमध्ये काहीही होत नाही, ते जसंच्या तसं किडनीतून लघवीवाटे बाहेर पडतं. म्हणून तर डॉक्टर रक्तातली लेव्हल बघतात आणि सोबत किडनी-थायरॉइडच्या टेस्ट करायला लावतात. ही लेव्हल साधारण ०.६ ते १.० मध्ये ठेवायची असते आणि १.५ च्या वर गेली की विषबाधेची भीती, म्हणजे मधे जागा किती कमी आहे बघा. आता एप्सम सॉल्ट म्हणजे जुलाबाचं औषध. रात्रभर जुलाब झाले की अंगातलं पाणी आणि मीठ जातं, मग किडनी मीठ धरून ठेवायला लागते आणि मिठाबरोबर लिथियमही धरून ठेवते, लेव्हल चढते, हात जोरात थरथरायला लागतात, उलट्या होतात, तोल जातो, जीभ जड होते. आणि गोळी एकदम बंद केली तर आजार उलटतो, आत्महत्येचा धोका वाढतो. म्हणजे मामीचा सल्ला अर्धा ऐकला तरी घात आणि पूर्ण ऐकला तरी घात.

"पण हे प्यायलं की सकाळी शौचातून खरंच लिव्हरमधले हिरवे खडे पडतात, फोटो आहेत!" पडतात ना. २००५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात न्यूझीलंडच्या डॉक्टरांनी हेच छापलंय. एका ४० वर्षांच्या बाईने असंच तेल-लिंबू पिऊन पडलेले खडे डॉक्टरांकडे आणले. तपासले तर पित्ताच्या खऱ्या खड्यांत असतं त्यातलं काहीच नाही, ना कोलेस्टेरॉल, ना बिलिरुबिन (पित्तातलं रंगद्रव्य), ना कॅल्शियम, आणि ४० अंशाला ते वितळले. प्यायलेल्या तेलाचाच पोटात साबण झाला होता. लिव्हरमधून काही निघालं नव्हतं. आणि एप्सम हे इंग्लंडमधलं गाव आहे, ऑलिव्ह ऑइल भूमध्य समुद्राकडचं, यात चिनी काय आहे कोणी सांगेल का?

आता त्या ५००० वर्षांचं. हा राग-लिव्हर, भीती-किडनी हिशोब ज्या ग्रंथातून येतो तो 'ह्वांगदी नेइजिंग' साधारण २००० वर्षांपूर्वीचा आहे. तो जुना आहे आणि त्याला मान आहे, पण चीनमधले सगळे वैद्य त्याला चिकटून बसले नाहीत. वांग छिंगरेन नावाचा वैद्य १७९७ च्या साथीत मेलेल्या मुलांच्या उघड्या पडलेल्या थडग्यांपाशी जाऊन आतले अवयव डोळ्यांनी बघून आला, आणि १८३० च्या पुस्तकात त्याने स्पष्ट लिहिलं की बुद्धी आणि स्मरणशक्ती मेंदूत असते, हृदयात नाही. हे चिनी वैद्यच म्हणतोय, तेही जवळपास २०० वर्षांपूर्वी. आणि आज बीजिंग-शांघायच्या मानसिक रुग्णालयांत बायपोलारला लिथियमही देतात.

प्लीहा आणि किडनीचं थोडक्यात. अपघातात फुटली म्हणून किंवा थॅलेसेमिया या रक्ताच्या आजारात कित्येकांची प्लीहा काढून टाकतात, त्यांच्या चिंता काही संपत नाहीत. मुलाला किडनी देणाऱ्या आईचं धैर्य अर्धं होत नाही. फुफ्फुस आणि हृदयाचंही तेच, त्यात वेळ घालवत नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल, मनात नसलं तरी. शरीरातल्या बिघाडाने मन बिघडतं हे खरं आहे. थायरॉइड कमी झालं तर डिप्रेशनसारखं दिसतं, बी-१२ कमी झालं तरी तसंच. विल्सन्स डिसीजमध्ये लिव्हरला तांबं बाहेर टाकता येत नाही, ते मेंदूत साचतं आणि कधीकधी पहिलं लक्षण स्वभाव बदलणं, भ्रम होणं हेच असतं. पण ते रक्त-लघवीच्या तपासण्या करून आणि डोळ्यांतली तांब्याची कडा बघून ओळखतात आणि तांबं कमी करणारी औषधं आयुष्यभर देतात. तेल-लिंबाने नाही. आणि असा आजार हुडकायचा तर डॉक्टरकडेच जायला लागतं, ज्याच्यापासून हा फॉरवर्ड तुम्हाला लांब नेतोय.

कोणी हे करून बसलं असेल, गोळ्या थांबवल्या असतील किंवा जुलाब झाले असतील, तर आजच आपल्या सायकिॲट्रिस्टला दोन्ही गोष्टी सांगा, न लपवता, लिथियम चालू असेल तर लेव्हल करून घ्या. वर सांगितलेली लक्षणं दिसत असतील तर वाट बघू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. नुसतं कोणाशी बोलायचं असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा फुकट नंबर रात्रीसुद्धा चालू असतो, मराठीत बोलतात.