40,000 व्होल्टने ॲव्हरेज वाढत नाही, मामा

जुन्या गाड्यांच्या ग्रुपांवर फिरणारा तो मेसेज तुमच्याकडेही आला असेल. पॉइंट-कंडेन्सर (ठिणगीसाठी कॉइलची वीज जोडणारा-तोडणारा जुना यांत्रिक स्विच) काढून फेका, त्याजागी डेल्कोत (प्लगना पाळीपाळीने ठिणगी वाटणाऱ्या डब्यात) इलेक्ट्रॉनिक किट घाला, 40,000 व्होल्टची कॉइल (बॅटरीचं व्होल्टेज ठिणगीपुरतं चढवणारा भाग) आणि चार इरिडियम प्लग लावा. करंट चौपट होईल, ॲव्हरेज 30 टक्के वाढेल, पुन्हा जन्मात ट्यूनिंग करावं लागणार नाही, आणि कुठल्याही गाडीला चालेल. बजेट नसेल तर 'नुसती कॉइल बदला, तरी फरक कळेल'. शेवटी शेपूट: विंटेज नंबरप्लेटसाठी आता हे सक्तीचं झालंय.

एरवी मी असलं काही वाचून पुढे सरकते. पण हे माझ्या मामांपर्यंत पोचलं आणि त्यांनी कॉइल मागवलीसुद्धा. त्यांची गाडी फियाट 1100 डिलाइट, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली, पद्मिनी हे नाव यायच्या आधीची. पत्रा, रंग, ब्रेक, टपाच्या आतलं कापड, सगळं करून ती आत्ता कुठे रस्त्यावर आलीय. तिचं वायरिंग जळायला नको, म्हणून हे लिहिणं.

आधी ते 40,000 व्होल्ट. डब्यावर छापलेला हा आकडा म्हणजे ती कॉइल जास्तीत जास्त किती ताण देऊ शकते, एवढंच. प्रत्यक्षात पॉइंट उघडले की व्होल्टेज चढायला लागतं आणि प्लगच्या फटीतून ठिणगी उडाली की तिथेच चढायचं थांबतं. 1089 सीसीच्या या साध्या इंजिनात, 0.6-0.7 मिलिमीटरच्या फटीला, 10-15 हजार व्होल्टमध्ये काम होतं. वरचे 25 हजार कधी तयारच होत नाहीत. ते तयार व्हावेत म्हणून काही हुशार लोक प्लगची फट वाढवतात. मग ठिणगी प्लगऐवजी जुन्या डेल्को कॅपच्या (डेल्कोच्या झाकणाच्या) आतून किंवा रोटरमधून (आत फिरणाऱ्या तुकड्यातून) वाट शोधते, कॅपला काळी रेघ पडते आणि गाडी मिसिंग करू लागते.

बरं, समजा ठिणगी खरंच जोरदार झाली. तरी पेट्रोल-हवेचं मिश्रण एकदा पेटलं की पुढचं जळणं त्याचं त्याचं होतं. गॅस काडीने पेटवला काय आणि मशालीने पेटवला काय, चहा तेवढ्याच वेळात होतो. ॲव्हरेज ठरतं कार्ब्युरेटरवर, टायमिंगवर (ठिणगी नेमकी कधी पडते त्यावर), टायरच्या हवेवर, चिकटलेल्या ब्रेकवर. बारा देणारी गाडी कॉइलच्या जोरावर साडेपंधरा देणार असती, तर मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनीवाल्यांनी ती कधीच लावली असती. पै-पैचा हिशोब ठेवणारी माणसं होती ती.

'पण माझ्या गाडीत फरक पडला' म्हणणारे भेटतात. पडला असेल. पॉइंटची टाच (डेल्कोच्या फिरत्या शाफ्टवर घासणारा भाग) झिजली की त्यांची फट कमी होते, ते उशिरा उघडतात, टायमिंग मागे जातं आणि गाडी उचलत नाही. अशा गाडीत किट घालताना टायमिंग नव्याने लावलं जातं आणि श्रेय किटला मिळतं. फीलर गेजने 0.4 मिलिमीटरची फट लावून टायमिंग जागेवर आणलं असतं, तरी तोच फरक दिसला असता, तोही जवळजवळ फुकटात.

आता मला ज्याचा खरा राग आहे ते: 'नुसती कॉइल बदला'. मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच. पॉइंटवर चालणाऱ्या 12 व्होल्टच्या गाडीच्या साध्या कॉइलचा प्रायमरी रोध (बॅटरीकडच्या बाजूचा) 3 ओहमच्या आसपास असतो. किल्ली ऑन, पॉइंट मिटलेले: 12 भागिले 3, म्हणजे 4 अँपियर. बॅलास्ट रेझिस्टरसोबत (करंट आवरणाऱ्या जादा रोधासोबत) वापरायची दीड ओहमची कॉइल बॅलास्टशिवाय लावलीत तर 8 अँपियर. आजच्या गाड्यांतल्या कॉइल अर्ध्या ओहमच्या आसपास असतात. त्यांना चालवणारा कॉम्प्युटर दर वेळी काही मिलिसेकंदच वीज सोडतो, म्हणून त्या टिकतात. तुमच्या डेल्कोत कॉम्प्युटर नाही. तिथे 20 अँपियरच्या वर मागणी जाईल आणि पॉइंट, इग्निशन स्विच, पन्नास वर्षांची कापडी वायर यातलं जे कच्चं असेल ते आधी जळेल.

किट घातलं की हा प्रश्न सुटतो, असंही नाही. पर्ट्रॉनिक्स ही अमेरिकन कंपनी अशी किट बनवणाऱ्यांतली सगळ्यात प्रसिद्ध. तिच्या साध्या 'इग्नायटर' किटसोबतचा कागद वाचा. चार आणि सहा सिलिंडरसाठी कॉइल किमान 3 ओहमची हवी. इंजिन बंद असताना किल्ली ऑन ठेवून बसू नका. नुसत्या तांब्याच्या तारेच्या प्लग वायर वापरू नका, रोधवाल्या वापरा. विकणाराच इतक्या अटी घालतोय आणि फॉरवर्ड करणारा म्हणतो, कुठलीही कॉइल घ्या! मामांनी मागवलेल्या कॉइलच्या डब्यावर व्होल्ट मोठ्या अक्षरांत होते, ओहम कुठेच नव्हते. मल्टिमीटर लावला तर 0.7. परत पाठवली.

'कुठल्याही गाडीला चालतं' हे तर सरळ खोटं. फियाटला बॅटरीचं निगेटिव्ह टोक बॉडीला असतं, म्हणून तिथे निभावतं. पण मॉरिस मायनरसारख्या त्या काळातल्या कितीतरी इंग्लिश गाड्यांना पॉझिटिव्ह टोक बॉडीला असतं. त्यांना नेहमीचं किट जोडलं की ते पहिल्या किल्लीलाच मरतं. पॉझिटिव्ह अर्थची किट वेगळी मिळतात, 6 व्होल्टची आणखी वेगळी.

इरिडियम प्लग टिकतात जास्त, हे खरं. पण तेल खाणाऱ्या इंजिनात तेही तसेच काळे होतात. शिवाय हीट रेंजचे (प्लग किती गरम राहतो त्याचे) आकडे नीट बघा: एनजीकेचा आकडा वाढला की प्लग थंड, बॉशचा वाढला की गरम. दुकानदाराने 'सेमच आहे' म्हणून दिलेल्या प्लगवर विश्वास ठेवू नका.

नंबरप्लेटचं म्हणाल तर केंद्राच्या 2021 च्या नियमांनी विंटेज म्हणजे 50 वर्षांहून जुनी, खासगी वापरातली, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न केलेली गाडी असं ठरवलंय. फेरफार करू नका म्हणणाऱ्या नियमातून फेरफाराची सक्ती कशी निघाली, ते मेसेज लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

राहिलं 'पुन्हा ट्यूनिंग नाही'. इथे मला थोडं नमतं घ्यावं लागतंय. किटला झिजणारी टाच नसते, त्यामुळे एकदा लावलेलं टायमिंग जास्त दिवस टिकतं. आणि सध्या बाजारात मिळणारे काही कंडेन्सर इतके भिकार आहेत की रोज गाडी चालवणाऱ्याने कंटाळून चांगलं किट घेतलं तर मी त्याला नावं ठेवणार नाही. पण डेल्कोतली टायमिंग पुढेमागे करणारी वजनं, स्प्रिंगा, व्हॅक्यूमचा पडदा, शाफ्टचं बुश, कॅप आणि रोटर जुनेच राहतात. ते अडकले तर किट काय करणार? शिवाय इलेक्ट्रॉनिक्सला उष्णतेचं वावडं. जग्वारने 1971 साली व्ही-12 इंजिनाला लुकासची 'ओपस' इलेक्ट्रॉनिक इग्निशन दिली आणि तिचा ॲम्प्लिफायर सिलिंडरच्या दोन ओळींमधल्या खाचेत बसवला. तिथे तो भाजून निघायचा. पुढे त्याला रेडिएटरसमोर हलवावं लागलं. (आणि लोक याला 'मॉडर्न' म्हणतात. क्रायस्लर 1973 पासून आपल्या सगळ्या अमेरिकन गाड्यांना इलेक्ट्रॉनिक इग्निशन देत होती.)

पॉइंट बिघडतात ते कुरकुर करत, आणि घाटात पॉलिश पेपर मारून घरापर्यंत आणतात. किट बहुधा न सांगता जातं. म्हणून मामा, घ्यायचंच असेल तर आधी आहे ती कॉइल मोजा, 3 ओहमच्या आसपास असेल तर तीच ठेवा, डेल्कोचा शाफ्ट हलतो का बघा, कुठेही भोक पाडू नका, आणि जुनी पॉइंटची प्लेट कंडेन्सरसकट, फट लावून, डिकीत टाका. स्क्रू-ड्रायव्हरही.