आईच्या चपला आणि दीवचं चर्च

सकाळी चहाचा पहिला घोट घेतला आणि फॅमिली ग्रुप उघडला. तिथेच चुकलं.

भाच्याची रील. परवाच्या दीव ट्रिपची. रील म्हणजे काय, पाच-सहा फोटो एकामागोमाग एक. त्यातला एक सेंट पॉल चर्चमधला. चर्चमधल्या बाकांना खाली गुडघे टेकायला लाकडी पाटी असते ना, तिच्यावर स्वारी बूट घालून उभी. दोन्ही हात पसरलेले, मागे वेदी, आणि वर वरातीत वाजतं तसलं गाणं. खाली लाइकच्या अंगठ्यांची रांग, आणि एका मावशीचं 'वाऽऽ हिरो'.

माझा चहा गार झाला. मग म्हटलं लिहूनच टाकू.

तुम्हाला सगळ्यांना कळेलच मी काय म्हणतेय ते, कारण आपल्या घरात देवघराच्या उंबऱ्याशी चुकून स्लीपर गेली तरी आजी कशी ओरडायची, हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. आपल्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका तरी मराठी घरात हे वेगळं असेल तर मला दाखवा. मग दुसऱ्याच्या देवाच्या दारात आपलं काय होतं?

त्याच चर्चच्या दारात माझ्या आईने चपला काढल्या होत्या. वय एकोणऐंशी. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. भर दुपार, आणि दगडी पायऱ्या तव्यासारख्या तापलेल्या. तिथे चपला काढायची पद्धत नाही, सगळे बूट-चपला घालूनच आत जातात. मीसुद्धा तिला म्हटलं, "आई, इथे काढत नाहीत गं, घाल." तर म्हणते, "त्यांच्यात काढत नसतील. मला नाही जमायचं."

आता दीव म्हटलं की बडोद्यात पहिला प्रश्न ठरलेला: "किती आणल्या?" डोळा मारून. गुजरातेत दारूबंदी, त्यामुळे दीव म्हणजे बाटली हे आपल्याकडे पक्कं बसलंय. आमच्या ट्रॅव्हलर गाडीतही किल्ला, नागवा बीच, नायडा गुंफा आणि मग 'संध्याकाळचा कार्यक्रम' असा बेत होता. चर्च बेतात नव्हतंच. ते आईच्या हट्टाने घुसलं. वहिनी म्हणाली, "पाच मिनिटं हं, फोटोपुरतं."

आईचा हट्ट का, तेही सांगते. आईचे वडील, आमचे अण्णा, गायकवाडीत कारकून होते, बदली कोडिनारला. हल्लीच्या पोरांना सांगून खरं वाटत नाही, पण पार तिकडचं कोडिनार आपल्या बडोदा संस्थानात होतं, अमरेली प्रांतात. आणि त्याच्या शेजारी दीव, म्हणजे परमुलूख. फिरंग्यांचं, म्हणजे पोर्तुगीजांचं. १९६१ च्या डिसेंबरपर्यंत! अण्णा खाडीच्या अलीकडच्या घोघल्यापर्यंत गेले होते म्हणे कधीतरी, आणि खाडीपलीकडे उन्हात पांढरी चर्चं दिसायची, एवढं त्यांनी लेकीला सांगितलेलं. पलीकडे काही कधी जाणं झालं नाही. ते पांढरं जे काय होतं ते एकदा बघायचं, एवढंच आईचं. त्यासाठी रात्रभर त्या ट्रॅव्हलरमध्ये हाडं खिळखिळी करून घेतली तिने.

आणि बघण्यासारखं आहे हो. जेझुइट पाद्र्यांनी १६०१ साली बांधायला घेतलं, १६१० ला पुरं झालं. चारशे वर्षं समुद्राचा खारा वारा खाऊन उभं आहे. दर्शनी भिंत अशी की नजर वर वर जात राहते, मजल्यावर मजला, शंखासारखी वळणं, वेलबुट्टी. आत लाकडाचं काय ते कोरीवकाम! आपल्या बडोद्यातल्या तांबेकर वाड्यातली भिंतीवरची चित्रं बघताना मान दुखते ना, तसं. (तांबेकर वाडा बघितलाय ना? रावपुऱ्यात राहून न बघितलेले मला माहीत आहेत. नावं घेत नाही.) दीवच्या तीन मोठ्या जुन्या चर्चांपैकी सेंट थॉमसमध्ये आता म्युझियम आहे, सेंट फ्रान्सिसच्या वास्तूत दवाखाना थाटला. प्रार्थना होते ती या सेंट पॉलमध्ये. म्हणजे तिथे लोक येतात, त्या पाटीवर गुडघे टेकतात, रडतात, काही मागतात. त्याच पाटीवर आमचा हिरो. बूट नऊ नंबरचे.

हो, माहीत आहे, कमेंटमध्ये कोण काय लिहिणार ते. पोर्तुगीज काय सज्जन होते का? नव्हते. १५३५ ला गुजरातचा सुलतान बहादूरशहा याची अडचण बघून दीवचा किल्ला पदरात पाडून घेतला, आणि दोन वर्षांत तोच बहादूरशहा त्यांना भेटायला जहाजावर गेला तो जिवंत परतला नाही. देवळं पाडली, लोक बाटवले, सगळं खरं. मला इतिहास शिकवू नका.

पण मग आपलाच इतिहास पूर्ण वाचा की. १७३९ ला चिमाजीअप्पांनी वसई घेतली तेव्हा फिरंग्यांच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या. त्यांचं काय केलं? देवळात टांगल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा त्यातलीच, मेणवलीलाही आहे. लढून जिंकलेली घंटासुद्धा शेवटी देवापुढेच लावली त्या माणसांनी. आणि आपण कुठली लढाई मारून आलो होतो? टोलनाका?

बरं, वागायचं कळत नाही असंही नाही. लक्ष्मी विलास पॅलेसमध्ये तिकीट काढून आत गेलो की कानाला ते ऑडिओचं यंत्र लावून कसे शहाण्या मुलांसारखे फिरतो सगळे. फोटो काढू नका म्हटलं की नाही काढत. दीवलाच दुसऱ्या दिवशी 'खुकरी' या बुडालेल्या युद्धनौकेच्या स्मारकाशी गेलो. ९ डिसेंबर १९७१, अठरा अधिकारी आणि १७६ नौसैनिक त्या समुद्रात गेले, कॅप्टन मुल्ला जहाजाबरोबर गेले. तिथे हाच भाचा टोपी काढून उभा राहिला, कोणी न सांगता. म्हणजे येतं की! मग चर्चमध्येच का 'पॉइंट' होतो सगळा? नाताळला बडोद्याच्या फत्तेगंजात चर्चचे दिवे बघायला जातो तेव्हाही तेच. सांताची टोपी दहा रुपयाला, गर्दी, पिपाण्या. आतमध्ये कोणाची तरी प्रार्थना चालू असते याचं भान कोणाला?

थांबा. दादाचा मेसेज आला मध्येच. मी ग्रुपवर 'हे काढ' एवढंच लिहिलं होतं भाच्याला. तर दादा विचारतो: "फोटो कोणी काढला होता?"

...

मी. मीच काढला होता.

आता लपवून काय करू. भाचा म्हणाला, "आत्या, एक काढ ना, वेदी पूर्ण येऊ दे." आणि मी काढला. एक नाही, चार. एका फोटोत बूट कापले जात होते म्हणून दोन पावलं मागेसुद्धा सरकले. तेव्हा माझ्या डोक्यात फक्त उजेड कुठून येतोय हे होतं. पाटी दिसलीच नाही मला. आणि मागच्या बाकावर अनवाणी आई बसली होती, हात मांडीवर ठेवून, समोर बघत. ती चौथ्या फोटोत कोपऱ्यात आली आहे, धूसर. आत्ता झूम करून बघितली.

ती तेव्हा काहीच बोलली नाही. बोलायला हवं होतं तिने. मला तरी.

असो. भाच्यावर एवढी आग पाखडायला नको होती, हे कबूल. वरचं खोडत नाहीये पण, राहू दे.

एक राहिलंच. आम्ही बाहेर आलो तर आईच्या चपला जागेवर नाहीत. मी इकडेतिकडे बघतेय, मनात म्हटलं झालं, गेल्या. तर तिथे झाडलोट करणाऱ्या एक बाई होत्या, आईपेक्षा थोड्याच लहान असतील, त्यांनी त्या उचलून भिंतीच्या सावलीत ठेवल्या होत्या. आम्हाला बघून म्हणाल्या, "तडको छे. पग दाझशे, बा." (ऊन आहे, पाय भाजतील.) आईने दोन्ही हात जोडले त्यांना, मग दोघींचं गुजरातीत सुरू झालं. गुडघे, तेल, कुठलं मलम. वहिनी गाडीतून हाका मारतेय, ड्रायव्हर हॉर्न देतोय, जेवायला उशीर, आणि या दोघींचं मलम संपेना.

शेवटी आई भिंतीला टेकली आणि तोच आमचा हिरो खाली उकिडवा बसून तिच्या चपलांचे पट्टे लावून देत होता. एका हाताने. दुसऱ्या हातात मोबाईल.