दर दहावे नाव म्हणजे साधा यादृच्छिक नमुना नव्हे

सर्वेक्षणांविषयी एक सल्ला सर्रास पुढे पाठवला जातो : ‘यादीतील पहिल्या नावापासून दर दहावे नाव उचला, निवड यांत्रिक असल्याने पक्षपाताला वाव राहत नाही आणि त्रुटीचे गणितही साध्या यादृच्छिक नमुन्याचेच लागू पडते.’ क्रमबद्ध नमुना निवड, म्हणजे यादीतून ठरावीक अंतराने नावे घेण्याची ही पद्धत, उपयुक्त आहे, यात वाद नाही. या सल्ल्यातील विधाने मात्र टिकणारी नाहीत.

आधी सुरुवातीचे पाहू. पहिल्याच नावापासून मोजल्यास दुसऱ्या ते दहाव्या नावाला निवडले जाण्याची संधीच उरत नाही. 1 ते 10 मधील आरंभक्रमांक चिठ्ठी टाकून काढला, तरच प्रत्येकाला दहात एक अशी समान संधी मिळते.

तेवढ्याने तो साधा यादृच्छिक नमुना ठरत नाही; त्यासाठी तेवढ्याच आकाराच्या प्रत्येक गटाला निवडले जाण्याची समान संधी असावी लागते. हजार नावांतून असे दहाच नमुने संभवतात, आणि शेजारची दोन नावे त्यांपैकी एकातही एकत्र येत नाहीत.

यांत्रिकपणाचा युक्तिवाद सर्वांत फसवा आहे. निवडणाऱ्याची मर्जी दूर होते हे खरे, पण आता यादीचा क्रम निर्णायक ठरतो. वाचनालयातील रोजच्या वाचकसंख्येच्या सलग 364 दिवसांच्या नोंदींतून 52 दिवस निवडायचे असतील, तर अंतर 7 येते आणि निवडलेले सगळे दिवस एकाच वाराचे निघतात. आरंभ चिठ्ठीने ठरवला असल्यास पद्धत तांत्रिक अर्थाने निःपक्षपातीच राहते, म्हणजे सर्व संभाव्य नमुन्यांचे अंदाज मिळून सरासरीने बरोबर येतात. पण हाती एकच नमुना येतो, आणि तो केवळ रविवारांचा असू शकतो. याउलट 28 दिवसच घेतले तर अंतर 13 होते, आणि 13 व 7 यांना 1 शिवाय सामाईक विभाजक नसल्याने प्रत्येक वार बरोबर चार वेळा येतो. (क्रम नेहमीच घातक असतो असेही नाही : मोजायच्या राशीशी निगडित चढत्या क्रमाने लावलेल्या यादीत हीच पद्धत सहसा साध्या यादृच्छिक निवडीहून अचूक ठरते.)

भागाकार पूर्ण जात नसेल, तर नमुन्याचा आकारही बदलतो; 103 नावांत आरंभ 1, 2 किंवा 3 आला तर 11 नावे मिळतात, एरवी 10.

राहिले त्रुटीचे गणित. एकाच आरंभाच्या क्रमबद्ध नमुन्यावरून प्रचरणाचा (नमुन्यागणिक अंदाज किती बदलतो याच्या मापाचा) निःपक्षपाती अंदाज करता येत नाही. साधे सूत्र वापरणे म्हणजे यादीचा क्रम यादृच्छिक आहे असे गृहीत धरणे होय. त्याऐवजी 1 ते 50 मधून पाच आरंभक्रमांक यादृच्छिकपणे काढून प्रत्येकापासून दर पन्नासावे नाव घेतल्यास नमुना तेवढाच राहतो, आणि पाच सरासरींमधील फरकांवरून त्रुटीचा अंदाज बांधता येतो.