हेन्री लट्रेलची फितुरी : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

ऑग्रिमच्या लढाईवरील माझ्या लेखावर आपला आक्षेप असा की, आयरिश सैन्यातील अधिकारी हेन्री लट्रेल रणांगणावर फितूर झाल्याचा पुरावा नसताना मी त्याच्या फितुरीची गावकऱ्यांची कहाणी सविस्तर दिली आणि एका मृत माणसाच्या बदनामीला हातभार लावला. पराभूतांना फितूर नेहमीच सापडतो, असेही आपण लिहिले आहे.

१२ जुलै १६९१ रोजी आयर्लंडमधील गॉलवे परगण्यातील ऑग्रिम गावाजवळ इंग्लंडचा राजा तिसरा विल्यम याच्या फौजेने आयरिश सैन्याचा निर्णायक पराभव केला. आयरिशांचा फ्रेंच सेनापती सेंट रूथ तोफगोळ्याने ठार झाला, आणि किल्ल्याजवळची दलदलीतली अरुंद वाट शत्रूला मोकळी मिळाली. तिथल्या घोडदळाचा लट्रेल हा एक अधिकारी होता, आणि ते घोडदळ न लढता मागे फिरले. मात्र सेनापती पडल्यावर सैन्याच्या नेतृत्वात गोंधळ माजला होता, शिवाय किल्ल्यातील शिपायांना मिळालेल्या गोळ्या त्यांच्या बंदुकांत बसत नव्हत्या, असे सांगतात. त्यामुळे त्या दिवशीच्या पराभवाचे खापर एकट्या लट्रेलवर फोडता येत नाही, आणि इथवर आपण व मी एकाच मताचे आहोत.

परंतु ही कहाणी हवेतून आलेली नाही. त्याच वर्षी आयरिशांच्या ताब्यातील लिमरिक शहराला वेढा पडलेला असताना लट्रेलचा शत्रूशी चाललेला पत्रव्यवहार पकडला गेला व तो कैदेत पडला. तह होताच तो विल्यमच्या बाजूला गेला. थोरला भाऊ सायमन फ्रान्सला गेल्यावर लट्रेलस्टाउनची जहागीर हेन्रीच्या हाती आली, आणि वर वार्षिक ५०० पौंडांचे निवृत्तिवेतनही. हे सारे लोकांच्या डोळ्यांदेखत घडले. माझ्या मते लोकस्मृतीने हीच नंतरची, उघड झालेली फितुरी मागे नेऊन जुलैच्या रणांगणावर ठेवली, कारण हजारो माणसे तिथे पडली होती आणि दुःखाला जागा तीच होती. न बसणाऱ्या गोळ्यांना शाप देता येत नाही. जहागीर भोगणाऱ्या माणसाला देता येतो.

या कहाणीचा परिणाम कागदावर राहिला नाही. १७१७ च्या ऑक्टोबरात डब्लिनमध्ये पालखीवजा खुर्चीतून घरी जाणाऱ्या लट्रेलवर गोळी झाडली गेली आणि मारेकरी कधीच सापडला नाही. पुढे १७९८ च्या सुमारास, म्हणजे आठ दशके उलटल्यावर, त्याची कबर फोडून कवटीचा चुरा करण्यात आला. ऐंशी वर्षे हा संताप जिवंत कशाने राहिला, हे त्या कहाणीवाचून सांगता येणार नाही. म्हणून ‘लोक असे म्हणतात’ या शब्दांसह ती लेखात जशीच्या तशी ठेवत आहे.