समीक्षकांनी झोडपलेले चित्रपट आवडतात, त्याबद्दल : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा : समीक्षकांनी ज्याला ३० टक्केही दिले नाहीत, त्या चित्रपटाचं कौतुक करणं म्हणजे अभिरुची कच्ची असल्याची कबुली, आणि 'मला आवडला' एवढ्यावरच भागत असेल तर समीक्षा हवी कशाला? दुसरा प्रश्न वजनदार आहे. पण आधी त्या टक्क्यांचं बघू.

समीक्षकांचे कौल गोळा करणाऱ्या 'रॉटन टोमॅटोज' या संकेतस्थळावरचे टक्के म्हणजे परीक्षेतले गुण नव्हेत. किती समीक्षकांचा कौल अनुकूल पडला, एवढंच ते सांगतात. दहाही जणांनी पाचपैकी तीन तारे देऊन 'बघायला हरकत नाही' म्हटलं, की झाले १०० टक्के. पाच जणांनी पाच तारे दिले आणि पाच जणांनी एकच, तर ५० टक्के. आणि ६०च्या खाली म्हणून शिक्का 'सडका'. सरासरी दोन्हींची तीनच! कुणालाच न खुपणारा चित्रपट अशा मोजणीत वर जातो आणि प्रेक्षकांत उभी फूट पाडणारा खाली. ३० टक्केवाल्या चित्रपटाच्या बाजूनेही दहातले तीन जण असतातच. आधी त्या तिघांचं वाचावं.

आता समीक्षेचं. समीक्षा हवीच. पण चित्रपट लागायच्या सुमारास येणारं परीक्षण बहुतेक वेळा एकदाच पाहून, मुदतीत लिहिलेलं असतं. जीव जडतो तो पुन्हा पुन्हा पाहण्यातून. दिग्दर्शक जॉन कारपेंटरचा भयपट 'द थिंग' १९८२ साली किळसवाणा म्हणून झोडपला गेला, पात्रं सपाट आहेत असंही म्हटलं गेलं. अंटार्क्टिकावरच्या तळावर बारा माणसं, त्यांतला माणूस कोण आणि माणसाचं रूप घेतलेला जीव कोण हे कुणालाच ठाऊक नाही. तापवलेली तार प्रत्येकाच्या रक्ताच्या नमुन्यात बुडवून पाहण्याचा प्रसंग आठवा. ही माणसं आपल्याला नीट उलगडली असती, तर त्या तारेची धास्ती उरली असती का? तिथे सपाटपणाच कामाला येतो. हिचकॉकच्या 'व्हर्टिगो'चंही तसंच. १९५८ साली स्वागत कोमट, आणि 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश चित्रपट-मासिकाच्या २०१२च्या समीक्षक-कौलात पहिला क्रमांक. रहस्य शेवटाच्या बरंच आधी फोडलेलं असल्यामुळे रहस्यपट म्हणून पाहणारा हिरमुसतो. दुसऱ्यांदा पाहताना मात्र लक्ष नायकाच्या वेडाकडेच जातं.

पडलेला प्रत्येक चित्रपट असा वर येत नाही, हे मान्यच. बरेचसे खरोखर फसलेले असतात, आणि तरीही त्यांतली एखादी गोष्ट अस्सल असते. नृत्यपट घ्या. कथा चार ओळींची, संवाद पोकळ. पण नाच डोक्यापासून पायापर्यंत चौकटीत, न कापता सलग शॉटमध्ये घेतलेला असेल तर नर्तकाचा तोल, दम, जमिनीवर पडणारं पाऊल सगळं दिसतं. हॉलिवूडचा नर्तक-अभिनेता फ्रेड अस्टेअर याच पद्धतीचा आग्रह धरायचा. तोच नाच सेकंदा-सेकंदाला कापून गुडघे, कंबर, चेहरा असा तुकड्यांत दाखवला, की कौशल्य नाचणाऱ्याचं की संकलकाचं, कळेनासं होतं. मारामारीतही हेच : कोण कुठे उभा आहे हेच समजलं नाही, तर ठोसा लागत नाही. कथानकाला गुण देणाऱ्या परीक्षणात या गोष्टीला जेमतेम अर्धं वाक्य मिळतं.

'डोकं बाजूला ठेवून बघा' हा बचाव मलाही अजिबात पटत नाही. त्याने चित्रपटाचाही अपमान होतो आणि पाहणाऱ्याचाही. बचाव करायचा तर नेमका प्रसंग सांगावा, तो का जमलाय ते सांगावं आणि चित्रपट कुठे ढासळतो तेही सांगावं. पारख सोपी आहे : आवडता प्रसंग एकदा आवाज बंद करून पाहा, एकदा चित्राकडे पाठ करून नुसता ऐका. आवाज बंद करताच तो विझला, तर भुरळ पार्श्वसंगीताची होती. तीही खरीच, फक्त मग कौतुक संगीतकाराचं करावं. आणि कथेतलं भोक (तर्कात न बसणारी जागा) व मंदावलेली गती यांची गल्लत करू नये. भोक बहुधा घरी गेल्यावर आठवतं. गती गेली की खुर्चीतच चुळबुळ सुरू होते, आणि ती समीक्षकाने नोंदवली असेल तर बहुतेक वेळा तोच बरोबर असतो.

तुम्हाला न आवडलेल्या चित्रपटातला जो प्रसंग सर्वांत फसलेला वाटतो, तो कळवा. त्याच प्रसंगावर बोलू.